झटका मशीनची बॅटरी: मे महिन्यात फुगते, श्रावणात उपाशी मरते

"भाऊ, बॅटरी परत फुगी गयी." आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास हा फोन ठरलेला. श्रावणात दुसरा येतो: "मशीनची टिकटिक बंद पडली, रात्रीतून डुकरांनी अर्धा एकर मका लोळवला." दोघांचं निदान मात्र एकच असतं, बॅटरी डुप्लिकेट निघाली. दुकानदारही मान डोलावतो. त्याला नवी विकायचीच असते.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा मळा आहे. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला मका, रब्बीत दादर (ज्वारी) आणि हरभरा. डोंगरातून रानडुकरं आणि नीलगायी उतरतात, म्हणून कुंपणाला झटका मशीन, म्हणजे तारेत विजेचे छोटे झटके सोडणारं यंत्र. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे साठ्याचं माप) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आणि वर सोलर पॅनल. मोटारी रिवाइंडिंग करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसानेही पहिल्या दोन वर्षांत तीन बॅटऱ्या घालवल्या, हे आधीच कबूल करतो. पहिली फुगली. दुसरी न फुगताच गेली. तिसरी गेली तेव्हा कुठे मल्टिमीटर घेऊन बांधावर बसलो.

त्यातून कळलं ते असं, की आपल्याकडे ही बॅटरी दोन वेगळ्या रोगांनी मरते आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे. उन्हाळ्यात ती अति खाऊन मरते, पावसाळ्यात उपाशी. म्हणून कोणी बॅटरी घेऊन आला की मी आधी विचारतो, कोणत्या महिन्यात गेली? मग तिच्या पोटावरून हात फिरवतो. बाजू फुगलेल्या असल्या तर चार्जिंग जास्त झालंय किंवा उष्णता लागलीय. बाजू सपाट आणि व्होल्टेज ११ च्या आत असेल तर उपासमार.

आधी मीटर, मग बॅटरी

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. मशीन बंद करा, पॅनल सोडवा, बॅटरीला दोन-तीन तास शांत राहू द्या आणि मग मोजा. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतं थांबल्यावर दिसणारा आकडा फसवा असतो. शांत बॅटरी १२.७ किंवा त्याच्या वर दाखवत असेल तर भरलेली. १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी. १२ च्या खाली गेली तर भुकेली आणि ११.८ म्हणजे ताट रिकामं. कितीही चार्ज करा, पुन्हा साडेदहावरच येऊन बसते, असं असेल तर आतल्या सहा सेलांपैकी एक गेला. एका सेलचे दोन व्होल्ट, हिशोब सरळ आहे. तिच्यावर आणखी पैसे घालू नका.

व्होल्टेज बरं दिसतं पण मशीन तासाभरात बंद पडतं, अशा वेळी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा किंवा ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. चांगली ७ अँपिअर-अवरची बॅटरी पहिली दहा मिनिटं बाराच्या आसपास टिकते. बल्ब लावताच आकडा दहावर आपटला तर बॅटरीत जीव नाही, नुसता आकडा आहे.

पुढची मोजणी भर दुपारी, कडक उन्हात, पॅनल जोडलेलं असताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर करायची. साडेतेरा ते साडेचौदा दिसलं तर चार्जिंगवर कोणीतरी लगाम धरून आहे. १५ च्या पुढे गेलं तर लगाम नाही किंवा तुटलाय. आकडा बारावरून हलतच नसेल तर पॅनलकडून काही येत नाही. मग पॅनल वेगळं करून त्याच्या दोन वायरी मोजा. बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ३६ सेलच्या पॅनलला मोकळेपणी २० ते २२ व्होल्ट हवेत. मे महिन्यात पॅनल तापलेलं असताना १८-१९ दिसले तरी घाबरू नका, काच तापली की व्होल्टेज उतरतंच. नंतर मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून पॅनलच्या दोन वायरींवर करंट बघा. १० वॅटच्या पॅनलला चांगल्या उन्हात साधारण अर्धा अँपिअर यायला हवा. हा प्रयोग फक्त पॅनलवर. अँपिअरला लावलेला मीटर चुकूनही बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवू नका. माझ्या भाच्याने टेकवला. मीटरचा फ्यूज तर गेलाच, प्रोबचं टोकही काळं झालं.

उन्हाळ्यातला रोग

माझी पहिली बॅटरी फुगली त्याचं कारण एका वाक्यात सांगता येतं: "छोटं पॅनल आहे, डायरेक्ट लावा, काही होत नाही." हे मला दुकानात सांगितलं गेलं आणि मी ऐकलं.

पॅनल २० वॅटचं होतं, म्हणजे उन्हात एक अँपिअरच्या थोडं वर. मशीन रात्रीच चालायचं, त्यामुळे सकाळी थोडीशीच भूक असायची. दहा-साडेदहापर्यंत बॅटरी भरायची. त्यानंतर पाच वाजेपर्यंत पॅनल तोंडात कोंबतच राहायचं. भरलेल्या बॅटरीत करंट ढकलला की तो साठत नाही, आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो. सेलमागे २.४ व्होल्ट, म्हणजे एकूण १४.४ च्या वर हे जोरात सुरू होतं. सीलबंद बॅटरीत थोडा वायू पुन्हा पाणी होतो, पण वेग वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू निघून जातो. गेलेलं पाणी परत घालायला जागा नसते. आतून कोरडी पडते, तापते, तापल्यामुळे आणखी करंट ओढते आणि फुगते.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंगचा लगाम धरतो तो कंट्रोलर. तो न लावता चालेल असं पॅनल ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला फक्त एक-दीड वॅटचं. तेवढ्यावर आपलं मशीन चालत नाही. म्हणजे कंट्रोलर हवाच. रात्री पॅनलमधून उलटा करंट झिरपायचा, तोही त्यात अडतो. डायरेक्ट जोडणी असेल तर त्यासाठी करंट एकाच दिशेने जाऊ देणारा वेगळा डायोड लागतो. पण नुसत्या डायोडला कंट्रोलर समजू नका. तो जास्त चार्जिंग थांबवत नाही. काही झटका मशीनमध्ये चार्जिंगचं सर्किट आतच असतं, पॅनलची पिन थेट मशीनला लागते. तिथे बाहेरून दुसरा कंट्रोलर मध्ये घुसवू नका, दोघं एकमेकांना गोंधळात टाकतात. आतलं सर्किट जिवंत आहे का, हे वरच्या दुपारच्या मोजणीत कळतंच.

आता बॅटरीच्या पोटावरचा छोटा मजकूर वाचा. तिथे साधारण असं असतं: स्टँडबाय यूज १३.५ ते १३.८ व्होल्ट, सायकल यूज १४.४ ते १४.९ किंवा १५, आणि इनिशियल करंट २.१ अँपिअरपेक्षा कमी. पहिला आकडा बॅटरी कायम चार्जरला जोडून ठेवायची असेल तेव्हाचा, दुसरा रोज रिकामी करून रोज भरायची असेल तेव्हाचा. आणि या सगळ्यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २५ अंश सेल्सिअसला.

२५ अंश! आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. त्यात बॅटरी पत्र्याच्या पेटीत, पेटी बांधावर, वर सावलीचं नाव नाही. मी एकदा पेटीत थर्मामीटर ठेवला तर दुपारी पन्नाशी ओलांडलेली. तापमान वाढलं की तीच बॅटरी कमी व्होल्टेजला भरते. एका अंशामागे स्टँडबायचा आकडा साधारण २० मिलिव्होल्टने आणि सायकलचा ३० मिलिव्होल्टने खाली आणावा लागतो. पेटी ५० अंशांवर असेल तर १३.७ चे १३.२ आणि १४.४ चे १३.६५. म्हणजे डिसेंबरात बॅटरीला पुरणपोळी असलेला आकडा मे महिन्यात तिचं विष होतो. त्यात दर दहा अंशांना आयुष्य जवळजवळ निम्मं होतं ते वेगळंच.

यावर मी दोन गोष्टी केल्या. पत्र्याची पेटी काढली आणि निंबाखाली चार विटांवर बॅटरी ठेवली. तिन्ही बाजूंनी विटा, त्यांना बाहेरून चुना, वर थोडी उचललेली फरशी. हायड्रोजन हलका असतो, तो वरूनच निघतो, म्हणून वरची फट बुजवायची नाही. पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये घट्ट झाकून ठेवणारे लोक पाहिलेत. तो ड्रम नसून सुतळी बॉम्ब आहे.

दुसरं, कंट्रोलरची सेटिंग. बाजारातल्या स्वस्त, स्क्रीनवाल्या कंट्रोलरवर फ्लोट (भरलेली बॅटरी ज्या व्होल्टेजवर धरून ठेवायची तो आकडा) १३.७ असतो आणि बटण दाबून बदलता येतो. होळीला मी तो १३.३ करतो आणि मृग बरसला की परत १३.७. जरा महागड्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असतो, तो हे आपोआप करतो. पण मग कंट्रोलर बॅटरीजवळच हवा. तो घरात गार भिंतीवर आणि बॅटरी बाहेर उन्हात, असं असेल तर सेन्सर गार भिंतीचाच हिशोब लावत बसणार. जवळ म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर मात्र नाही. वायू वर येतो आणि कंट्रोलरमध्ये ठिणगी पडू शकते. शेजारी, हातभर बाजूला लावा.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते. त्यात लिथियमचा पर्याय चुकून निवडला गेला नाही ना, बघा. दुकानातून सेटिंग फिरवून आलेले कंट्रोलर मी दोनदा पाहिलेत.

जोडण्याचा क्रमही लक्षात ठेवा: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी मशीन. काढताना बरोबर उलट. पॅनल आधी जोडलं तर बरेच कंट्रोलर समोर २० व्होल्ट बघून चोवीसची सिस्टीम आहे असं समजतात आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला २८ कडे ढकलायला लागतात.

एक नवी हौस अलीकडे दिसते. सोलर पंपाच्या संचातलं उरलेलं किंवा बदललेलं मोठं पॅनल झटका मशीनला लावायचं. "फुकटचं आहे, जास्त चार्ज होईल." ७२ सेलचं ३३० वॅटचं पॅनल ३७ व्होल्ट आणि पावणेनऊ अँपिअरचं असतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल नुसतं झटपट चालू-बंद करणारा) ते पावणेनऊ अँपिअर जसेच्या तसे बॅटरीत सोडतो, आणि बॅटरीची मर्यादा आहे २.१. मडक्याच्या तोंडावर बोअरची तीन इंची धार लावल्यासारखं. शिवाय मोकळेपणी ते पॅनल ४५ व्होल्टपर्यंत जातं, ते बऱ्याच स्वस्त कंट्रोलरना झेपत नाही. ते पॅनल विका, आलेल्या पैशात २० वॅटचं घ्या.

फुगलेली सापडली तर

चार्जिंग चालू असताना बॅटरी फुगलेली, हाताला चटका देणारी किंवा सडक्या अंड्याचा वास मारणारी दिसली, तर क्लिप ओढायला धावू नका. भोवती हायड्रोजन असतो आणि क्लिप निघताना ठिणगी पडते. आधी पॅनलवर गोणपाट टाका. ऊन बंद झालं की करंट बंद. मशीनचा स्विच बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग वायर काढा. बिडी-काडी लांब. तोंड बॅटरीच्या वर न्यायचं नाही. आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं, आणि डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार लावून थेट दवाखाना.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, "गार झाल्यावर बघू" म्हणूनही नाही. शेजारच्या आबांनी ती ओट्यावर खाटेखाली ठेवून घरच्या चार्जरला लावली होती. मी दिसताक्षणी उचलून खळ्यात नेली, आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

झाकण उचकटून आत डिस्टिल्ड वॉटर घालायचा जुगाड सगळ्यांना माहीत आहे. नुसती कोरडी पडलेली, न फुगलेली बॅटरी त्याने कधीकधी दोन-चार महिने ओढते, हे खरं. पण नंतर ती कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि व्हॉल्व्हवरची रबरी टोपी नीट बसली नाही तर आम्ल बाहेर येतं. माझ्या कुंपणाला मी तसली बॅटरी लावणार नाही.

श्रावणातला रोग

माझी दुसरी बॅटरी ऑगस्टमध्ये गेली. कंट्रोलर होता, सावली होती, सगळं शहाण्यासारखं केलेलं. पॅनल मात्र पाच फुटी अँगलवर होतं. जूनमध्ये लावलं तेव्हा भोवती काळी मोकळी जमीन होती. दोन महिन्यांत मका तुऱ्यावर आला आणि पॅनलच्या डोक्यावरून गेला. पॅनलचे ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकावर पानाची सावली पडली की मागचे सगळे अडकतात, कन्नड घाटात एक ट्रक आडवा झाल्यावर होतं तसं. पाव पॅनल झाकलं तर पाव नुकसान, असा हिशोब इथे चालत नाही. आता माझं पॅनल नऊ फुटांवर आहे, तोंड दक्षिणेला, कल साधारण २१ अंश, कारण आपला भाग २१ अक्षांशाच्या आसपास आहे. महिन्यातून दोनदा सकाळी गार असताना ओल्या फडक्याने पुसतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

ढगांचा हिशोब मात्र उंच खांबाने सुटत नाही. माझं मशीन सरासरी १२० मिलिअँपिअर घेतं. रात्री १२ तास चालवलं तर जवळजवळ दीड अँपिअर-अवर. १० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सव्वादोन-अडीच देतं, म्हणजे ऑक्टोबर ते मे निवांत. झड लागली की तेच पॅनल कसंबसं पाव ते अर्धा देतं. रोज एकाची तूट. ७ च्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, तेव्हा तीन-चार दिवसांत खेळ खल्लास. आणि सातपुड्याकडची झड काय चार दिवसांत उघडते?

इथे सगळे मोठी बॅटरी घेतात. माझं मत वेगळं आहे. मोठी बॅटरी म्हणजे मोठी कणगी. पेरणीच कमी असेल तर कणगी मोठी करून काय उपयोग? पॅनल १० चं २० वॅट करा. ढगातही दुप्पट, म्हणजे अर्धा ते एक अँपिअर-अवर मिळेल आणि कडक उन्हातला करंट २.१ च्या आतच राहील. ज्याने उन्हाळ्यात बॅटरी फुगवली तेच २० वॅटचं पॅनल पावसाळ्यात तिला जगवतं, फक्त मध्ये कंट्रोलर हवा.

उपासमारीने मरते म्हणजे नेमकं काय? रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच भरली तर तो विरघळतो, आठवडे तशीच राहिली तर कडक होतो आणि मग जात नाही. अशी बॅटरी चार्जिंगला लावताच १५ दाखवते आणि काढताच ११ वर येते. लोक खूश होतात, अर्ध्या तासात फुल झाली! ०.३ अँपिअरच्या आसपास हळू करंटने एक-दोन दिवस, लक्ष ठेवून, चार्ज करून बघा. रात्रभर शांत ठेवल्यावर १२.५ च्या वर थांबली तर वाचली. पावडरी आणि जादूचे थेंब मिळतात, त्यावर पैसे घालवू नका.

कंट्रोलरवर कमी व्होल्टेजला लोड, म्हणजे आपलं मशीन, तोडायची सोय असते, बहुतेक वेळा ती १०.७ वर ठेवलेली येते. जास्त लोडखाली आकडा खाली वाकतो, त्यासाठी ती ठीक. आपलं मशीन इतकं कमी ओढतं की १०.७ येईस्तोवर बॅटरीचा तळ खरवडून झालेला असतो. मी ११.६ ठेवलाय. रात्री मशीन बंद पडलं तर त्या रात्रीपुरता बांधावर कुत्रा आणि मी. अर्थात मशीन कंट्रोलरच्या लोडच्या टर्मिनलला जोडलेलं असेल तरच हे चालतं, थेट बॅटरीला जोडलं असेल तर ही सेटिंग निव्वळ शोभेची.

आणि बॅटरीला दोष द्यायच्या आधी कुंपणाखालून एक फेरी मारा. पावसाळ्यात गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जातो. बॅटरी १२.६, टिकटिक चालू, तरी डुकरं आत, असं असेल तर विळा घ्या. बॅटरी बसली म्हणून कुंपणाला घरची लाइट मात्र कोणीही जोडू नका. त्यात माणसं मरतात, तो गुन्हा आहे, आणि सकाळी तारेला पहिला हात बहुधा घरातल्याचाच लागतो.

राहिलेलं थोडकं

बॅटरीच्या प्लस टर्मिनलजवळच, वीतभराच्या आत, मोटारसायकलचा ५ अँपिअरचा फ्यूज लावा. ही छोटी बॅटरी शॉर्ट झाली की शंभराच्या वर अँपिअर ओकते. आमच्याकडे उंदराने वायर कुरतडली होती आणि शेजारीच पऱ्हाट्यांचा ढीग. फ्यूज होता म्हणून नुसता फ्यूजच गेला. कंट्रोलर ते बॅटरी वायर आखूड आणि एक चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. पॅनलपासूनची लांब चालते.

फवारणी पंपाची बॅटरीही बहुतेक १२ व्होल्ट ८ ची असते आणि ती उपासमारीनेच मरते. हंगाम संपला की पंप माळ्यावर जातो तो थेट जूनमध्ये खाली येतो. ठेवताना पूर्ण भरा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा, गरमीत ती आपोआप जास्त उतरते. नव्या पंपांत लिथियमही यायला लागलीय. लेबल वाचल्याशिवाय तिला हा कंट्रोलर किंवा जुना चार्जर लावू नका. तसंच ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर या छोट्या बॅटरीला कधीच नाही.

मेलेली बॅटरी दुकानात परत द्या, वजनावर पैसे कापून मिळतात. तापीकाठी जाळ्याला शिशाच्या गोळ्या करायला काही जण ती फोडून चुलीवर वितळवतात. तो धूर अंगणातल्या पोरांच्या नाकात जातो, आणि आम्ल ओतलेल्या जागी नंतर दुर्वाही उगवत नाही.